बॅरा बेटावरील विमानसेवा आणि ओहोटीची वेळ

विमानामुळे मनुष्य निसर्गाच्या बंधनांतून मुक्त झाला, असे विधान वाहतुकीच्या इतिहासात वारंवार आढळते. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या बाह्य हेब्रिडीज द्वीपसमूहातील बॅरा बेटाचा वृत्तान्त पाहता हे विधान बऱ्याच मर्यादेने स्वीकारावे लागते.

या बेटाच्या उत्तर भागी ‘त्राय वोर’ नावाची विस्तीर्ण पुळण आहे. या गेलिक नावाचा अर्थच ‘मोठी पुळण’ असा होतो. ओहोटीनंतर तेथील ओलसर वाळू इतकी घट्ट राहते, की लहान विमान तीवर निर्वेधपणे उतरू शकते. 1936 साली या पुळणीला विमानतळ म्हणून रीतसर परवाना मिळाला. वाऱ्याच्या दिशेनुसार निवड करता यावी म्हणून तेथे तीन धावपट्ट्या असून त्यांची टोके लाकडी खांबांनी दर्शविलेली आहेत. भरतीच्या वेळी त्या तिन्ही पाण्याखाली जातात. साहजिकच विमानांचे वेळापत्रक भरती-ओहोटीवरून ठरते. बॅराला भेट देऊ इच्छिणाऱ्या उतारूला गलबतातील प्रवाशाप्रमाणेच समुद्राची वेळ सांभाळावी लागते.

मात्र या सेवेचे महत्त्व केवळ भेटीगाठींच्या सोयीवरून मोजणे योग्य होणार नाही. 14 मे 1933 रोजी त्याच किनाऱ्यावरील आयला बेटावरून एका अत्यवस्थ मच्छीमारास ‘ड्रॅगन’ जातीच्या लहान विमानातून ग्लासगोनजीकच्या रेनफ्रू येथे आणण्यात आले. स्कॉटलंडमधील रुग्णवाहक विमानसेवेचा आरंभ या घटनेपासून मानतात. 1948 साली राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन झाल्यावर हे कार्य सार्वजनिक व्यवस्थेचा भाग बनले. या सेवेला मोलही द्यावे लागले. 28 सप्टेंबर 1957 रोजी खराब हवेत रुग्णास आणण्यासाठी निघालेले विमान आयलानजीक कोसळले. त्यात वैमानिक, रेडिओ अधिकारी आणि स्वेच्छेने या कामावर आलेली एक परिचारिका असे तिघेही मृत्युमुखी पडले.

आर्थिक बाजूही याच दिशेने निर्देश करते. विरळ लोकवस्तीच्या बेटाकडील उतारूंच्या भाड्यातून विमानसेवेचा खर्च भरून निघणे कठीण असते. म्हणून पुढे ही सेवा शासकीय साहाय्यावर चालविली गेली. बॅराच्या उड्डाणांचा प्रश्न हा नफ्या-तोट्याइतकाच नागरिकत्वाचाही होता. दूरच्या बेटावर राहणाऱ्या व्यक्तीचा रुग्णालयावर, टपालावर व आप्तेष्टांच्या भेटीवर शहरवासीयाइतकाच हक्क आहे काय, हा तो प्रश्न होय.

सारांश, लहान विमानाने बॅराचे बेटपण नाहीसे केले नाही. त्याने मुख्य भूमीचे अंतर तासाभराच्या आसपास आणून ठेवले. परंतु निघावयाचे केव्हा, हे ठरविण्याचा अधिकार समुद्राकडेच राहिला. त्या मर्यादेत राहूनही बेटावर वस्ती टिकावी, असा निर्णय मात्र समाजाने घेतला. बॅराच्या विमानसेवेचे ऐतिहासिक मर्म यंत्राच्या गतीपेक्षा या निर्णयात अधिक आहे.