अगस्त्यांचा घट व तारखात्याचा घट

प्रवरेच्या काठी वसलेले अकोले (जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) हे गाव अगस्त्य ऋषींच्या आश्रमामुळे परंपरेने पवित्र मानले गेले आहे. याच ऋषींच्या नावावर विद्युत्घटाच्या शोधाचेही श्रेय घातले जाते. त्यास आधार म्हणून ‘अगस्त्यसंहिते’तील समजले जाणारे काही श्लोक विसाव्या शतकात प्रचारात आले. या नावाचा जो ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे, तो मात्र रामोपासनेचा असून बाराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो.

श्लोकांतील रचना अशी: मातीच्या पात्रात तांब्याचा पत्रा ठेवावा, त्यावर मोरचूद घालावे, वर लाकडाचा ओला भुसा पसरावा आणि त्यावर पाऱ्याने माखलेले जस्त ठेवावे. या रचनेतून विद्युत् प्रवाह मिळेल, यात शंका नाही. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपाने विद्रावात उतरतो. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून तांब्याकडे जातात आणि तेथे मोरचुदातील तांब्याचे आयन ते स्वीकारून धातुरूपाने पत्र्यावर बसतात. सल्फेट आयन जस्ताच्या दिशेने सरकून विद्युत् भाराचा तोल राखतात. जस्त थेट मोरचुदाच्या पाण्यात बुडविले, तर हीच विक्रिया जागच्या जागी घडून तिची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दोन्ही अर्धविक्रिया वेगळ्या ठेवून इलेक्ट्रॉनांना तारेचाच मार्ग मोकळा ठेवणे, हे घटाचे मर्म होय. भुसा हेच काम करतो. अशा घटाचा दाब सुमारे १.१ व्होल्ट असतो.

तथापि प्रयोग यशस्वी झाल्याने रचनेची शास्त्रशुद्धता सिद्ध होते, तिची प्राचीनता नव्हे. प्राचीनतेचा निर्णय इतिहासाच्या साधनांनीच करावयास हवा. व्होल्टाने आपला स्तंभ १८०० मध्ये जाहीर केला. जस्तावर पारा चढविल्याने ते व्यर्थ झिजत नाही, हे तंत्र १८३० च्या सुमारास स्टर्जनमुळे रूढ झाले. डॅनियलने १८३६ मध्ये तांबे, मोरचूद व जस्त यांचा स्थिर दाबाचा घट सिद्ध केला. पुढे १८६० नंतरच्या दशकात मिनोत्तो या इटालियनाने त्यास सुटसुटीत रूप दिले: तळाशी तांबे, त्यावर मोरचूद, मग ओली वाळू अथवा भुसा आणि वर जस्त. हाच घट भारतातील तारखात्यात वापरला जात असे. श्लोकांतील रचना थरामागून थर याच घटाशी जुळते.

दुसरी खूण शब्दाची. रसग्रंथांत जस्तास यशद अथवा जसद म्हणतात. श्लोकात मात्र ‘दस्ता’ हा लोकभाषेतील शब्द येतो. तिसरी खूण पाण्याच्या विघटनाची. शंभर घटांच्या योगाने पाण्याचे दोन वायू होतात, असा श्लोकांचा आशय सांगितला जातो. पण पाणी हे संयुग असल्याची कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रस्थापित झाली आणि विद्युत् प्रवाहाने त्याचे विघटन १८०० मध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी केले. या तिन्ही खुणा एकत्र पाहता, हे श्लोक तारायंत्राच्या प्रसारानंतर रचले गेले असावेत, हे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते.

यात परंपरेचा अवमान नाही. उदयपूरजवळील जावर येथे मध्ययुगात जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर होत असे; तेथील भट्ट्यांचे व मुशींचे अवशेष आजही त्याची साक्ष देतात. जस्त हवेत सहज जळते आणि तापल्यावर वाफ होऊन निसटते. ते धातुरूपात पकडणे हे असामान्य कौशल्य होते. अशा पुराव्यानिशी सिद्ध झालेल्या कर्तृत्वाशेजारी संशयित श्लोक मांडल्याने त्या कर्तृत्वाचेच मोल उणावते. अकोल्याच्या आश्रमाचे महत्त्व श्रद्धेवर उभे आहे; त्यास विद्युत्घटाचा टेकू लागत नाही.