परवान्याची बंदूक

आजोबा बंदुकीची गोष्ट ओसरीवर सांगत, चार माणसं जमली की. आजी मागच्या पडवीत कुळीथ पाखडताना सांगे, आणि तिची गोष्ट निराळीच निघे. बंदूक मात्र तीच, ठासणीची. नळीत दारू घालायची, चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायची. एवढं होईस्तोवर डुक्कर शेजारच्याच्या शेतात पोचलेला असायचा.

आजोबांच्या गोष्टीत गोरा साहेब असे. ‘लिटननं १८७८ साली आपल्या हातात कोयता तेवढा ठेवला,’ असं ते म्हणत. कोयत्याची भर त्यांची. बाकी खरं आहे. त्या सालच्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना काढावा लागे आणि युरोपियनाला सूट असे. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही व्हाइसरॉय लिटनने त्याच वर्षी आणला होता. तो पुढचा व्हाइसरॉय रिपन याच्या कारकिर्दीत गेला. हत्यारांचा मात्र इंग्रज गेल्यावरही बारा वर्षं टिकला, १९५९ पर्यंत.

पुढे फडके यायचे. लिटनच्या कायद्याला वर्ष होतं न होतं तोच, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंतांनी रामोश्यांना घेऊन बंड केलं, आणि आजोबांच्या मते ते फसलं ते केवळ बंदुका नव्हत्या म्हणून. मला हे पटत नाही. पैसा पुरला नाही, माणसं टिकली नाहीत, हेही होतंच. पण आजोबांना मध्येच तोडायची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. मग नाशिक. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीनाबरोबर धाडली, आणि २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्याने त्यांतलंच एक रोखलं. ‘ब्राउनिंग’ हा शब्द आजोबा ग्रामदेवतेचं नाव घेतल्यासारखा घेत.

ही ओढ एकट्या क्रांतिकारकांची नव्हती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल मागितला होता. गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने देण्याचीही मागणी होती. मिठाची तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पुढच्या वर्षी कराचीच्या ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्कही आला. या मंडळींना बंदुकीचा सोस होता असं नाही. साहेबाच्या खानसाम्यालाही दिसेल असा अपमान होता तो, आणि तो पुसायचा होता.

आजीच्या गोष्टीत साहेब कुठेच नसे. तिचं माहेर देवगड तालुक्यात, खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं, कूळ. गावात परवाना एकाच घरी, खोताच्या. मळणी झाली की अर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, मोजून घ्यायला खोताचा माणूस खळ्यावर यायचा आणि त्याच्या खांद्याला बंदूक असायची. ‘डुकरांसाठी’ म्हणायचा. भरदुपारी, खळ्यावर, डुकरं! बार कधी कुणावर निघाला नाही. तशी गरजच पडायची नाही. आजीचा बाप मापात खोट दिसली तरी मान खाली घालून भात ओतत राहायचा, इतकंच ती सांगे आणि सूप आपटून फोलपटं उडवी.

या दोन गोष्टी माझ्या मनात कितीतरी वर्षं शेजारी शेजारी नुसत्या पडून होत्या. मग घटना समितीच्या कामकाजात डिसेंबर १९४८ ची चर्चा वाचली. हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली: शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला, कराचीत आपणच तसं म्हटलं होतं. ओसरीवरचीच बाजू ती, आणि ती लटकी नव्हती. उत्तर द्यायला आंबेडकर उठले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की परक्या सरकारने जे नाकारलं ते मागणं तेव्हा रास्त होतं. पण आता हा हक्क सरसकट मूलभूत केला तर चोर, ठग, गुन्हेगार यांनाही तो मिळेल आणि सरकारला त्यांना अडवता येणार नाही. दुरुस्ती नामंजूर झाली.

आंबेडकर त्या दिवशी खोतांबद्दल काही बोलले नाहीत. तरी मला खोतच दिसतो. त्यांचं मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातलं. १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनीच मांडलं होतं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत आणला होता. हत्यार सगळ्यांना मोकळं झालं की गावात ते आधी कोणाच्या खांद्यावर दिसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हा माझा तर्क. कामकाजात तो नाही.

१९५९ च्या नव्या हत्यार कायद्यात आमच्या ठासणीच्या बंदुकीला स्वतंत्र जागा मिळाली: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाला तिचा परवाना द्यावा, असं कलमच आहे. खोती तोवर गेली होती. आजीच्या भावाने अर्ज केला आणि खोताच्या घराबाहेर गावात पहिल्यांदा बंदूक आली. आजी त्याबद्दल कधी फुशारकीने बोलली नाही, पण शिमग्याला भावाने काढलेले बार ती मोजायची.

मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि बंदूक पिकासाठी पण डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी, अशी गंमत झाली. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. आजीच्या त्या भावाचा मुलगा, आमचा मामा, म्हणायचा, ‘डुकराक कायदो कळता, माकाच कळणा नाय.’

मामा गेला तेव्हा परवाना नावावर करून घ्यायचा की बंदूक सोडून द्यायची, यावरून घरात वाद झाला. मामेभाऊ म्हणाला, मान आहे. त्याची बायको म्हणाली, मानाने भात वाचत नाही. त्याने दोन्ही अर्ज केले, परवान्याचा आणि सौर कुंपणाच्या अनुदानाचा. कुंपण आधी मंजूर झालं.