एक अट, जी क्लासने पाळली नव्हती

ऑस्लो येथे ओले-योहान दाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा घडवली, आणि माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र बांधणारा ‘क्लास’ प्रोग्रॅमिंगमध्ये आला. १९७२ साली टोनी होअर यांनी त्याला तर्कशास्त्राची शिस्त दिली. ऑब्जेक्ट निर्माण होताना एक अट सत्य असावी आणि प्रत्येक क्रियेने ती राखावी. एवढे सिद्ध झाले की क्रिया कोणत्याही क्रमाने घडोत, अट ढळत नाही. हाच क्लासचा ‘इन्व्हेरियंट’. पुढे बर्ट्रांड मेयर यांच्या ‘आयफेल’ भाषेत अशा अटी प्रोग्रॅममध्येच लिहिण्याची सोय झाली.

या शिस्तीचे मोल २०१५ साली ठळकपणे दिसले. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली ‘टिमसॉर्ट’ ही क्रमवारी लावण्याची पद्धत जावा आणि अँड्रॉइडनेही स्वीकारली होती; भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवरच चालतात. टिमसॉर्ट यादीतील क्रमवार तुकडे शोधून त्यांच्या लांबीची नोंद ठेवते. अट अशी, की प्रत्येक तुकडा त्याच्यानंतरच्या दोहोंच्या एकत्रित लांबीहून लांब असावा. त्यामुळे नोंदी मोजक्याच राहतात, आणि जावात नोंदींसाठी राखलेली जागा याच हिशेबाने ठरली होती.

ॲमस्टरडॅम व डार्मश्टाट येथील संशोधकांच्या गटाने ‘की’ नावाच्या सिद्धता-साधनाने हा क्लास तपासायला घेतला, आणि सिद्धता अडली. प्रोग्रॅम शेवटच्या तीनच नोंदी पाहत होता. समजा, नोंदी १००, ७०, २२, १८ अशा आहेत आणि २५ लांबीचा तुकडा आला. २२ व १८ जोडून ४० होतात. ७०, ४०, २५ अटीत बसतात आणि काम थांबते. पण १०० आता ७० आणि ४० यांच्या बेरजेहून लहान आहे. असे भंग साचले की राखलेली जागा संपते आणि प्रोग्रॅम कोसळतो. ६,७१,०८,८६४ घटकांची तशी यादी या गटाने रचून दाखवली.

पायथनने तपासणी एक नोंद मागे नेऊन अट पुन्हा खरी केली. जावाने अट तशीच मोडकी ठेवून जागा वाढवली. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी ती वाढीव जागाही अपुरी असल्याचे दाखवले, तेव्हा जावानेही अटच दुरुस्त केली. वर्षानुवर्षांच्या वापरात आणि चाचण्यांत न सापडलेली चूक सिद्धतेच्या एका अडलेल्या पायरीने उघड केली होती.