उणे दोन हजार ओळी

1982 च्या सुमारास ॲपलमध्ये लिसा संगणकावर काम करणाऱ्या प्रोग्रामरांकडून दर आठवड्याला एक फॉर्म भरून घेतला जाऊ लागला. त्यात एक रकाना होता: या आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या? बिल ॲटकिन्सन यांनी नुकताच क्विकड्रॉ या चित्रप्रणालीचा एक भाग नव्याने लिहिला होता. तो जवळपास सहापट वेगाने चालू लागला होता आणि कोड सुमारे 2000 ओळींनी घटला होता. त्यांनी रकान्यात उणे 2000 असे लिहून दिले. पुढे काही आठवड्यांत त्यांच्याकडे फॉर्म मागणेच बंद झाले.

उत्पादन घडवणाऱ्या टीमचे काम कशावरून जोखावे, या प्रश्नाभोवती आज एक समृद्ध अभ्यासक्षेत्र उभे आहे. वाचकांनी ते केवळ व्यवस्थापकांचे मानू नये. तुम्ही पुण्यात वा बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये असाल, तर स्प्रिंटअखेर किती तिकिटे बंद झाली याचा हिशेब तुम्हीही दिला असेल. त्यातून ग्राहकाची कोणती अडचण सुटली, हे विचारणारे मात्र विरळाच. तिकिटे लगेच मोजता येतात. उपयोग कळायला थांबावे लागते.

शिवाय उपयोगाचा अंदाज जाणकारांचाही चुकतो. मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये जाहिरातींचे मथळे जरा वेगळ्या रीतीने दाखवावेत, ही एका कर्मचाऱ्याची सूचना सहा महिन्यांहून अधिक काळ यादीत तळाशी पडून होती. 2012 मध्ये एका इंजिनिअरने ती करून पाहिली: काही लोकांना जुने रूप, काहींना नवे. उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढले. एकट्या अमेरिकेत वर्षाला 10 कोटी डॉलरहून अधिक. वापरणाऱ्यांच्या अनुभवाला धक्का लागला नाही, हेही तपासले गेले. मला ही तपासणी त्या 12 टक्क्यांहून मोलाची वाटते, कारण उत्पन्न वापरणाऱ्याला छळूनही वाढवता येते. तिथे तेव्हा अशा प्रयोगांची धुरा वाहणारे रॉन कोहावी सांगतात, की मायक्रोसॉफ्टमध्ये पारखलेल्या कल्पनांपैकी जेमतेम एक तृतीयांश कल्पना लाभदायक ठरल्या.

नव्या वाचकांनी जोश सायडन यांच्या 2019 च्या ‘आउटकम्स ओव्हर आउटपुट’ या छोट्या पुस्तकापासून सुरुवात करावी. लोकांच्या वागण्यात काय फरक पडला, हे ते पाहायला लावते. वाचताना तुमच्या टीमने अलीकडे पूर्ण केलेले एखादे फीचर समोर ठेवा. ते कोण वापरते, आणि ते येण्यापूर्वी ही माणसे काय करत होती, हे सपोर्टचे फोन घेणाऱ्या सहकाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडे उत्तरे बहुधा तयार असतात.