पाळी गेल्यावर मेंदूचे काय? इस्ट्रोजेनवरच्या एका आशेचा मागोवा

पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, झोप उडते, ओठांवर आलेला शब्द सापडत नाही. बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांतल्या पन्नाशीच्या बाईला अशा वेळी साहजिकच धास्ती वाटते: आईला झाला तो विसराचा आजार मलाही होणार का? आणि हॉर्मोनच्या गोळीने तो टळेल का? या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

हा इतिहास अंडाशयापासून सुरू होतो. १८९६ मध्ये व्हिएन्नात एमिल क्नाउअर यांनी सशांची अंडाशये काढून शरीरात दुसरीकडे रोवली, तरी गर्भाशय सुकले नाही. म्हणजे अंडाशयातून काहीतरी रक्तात उतरत होते. १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी त्या द्रव्याचा, म्हणजे इस्ट्रोजेनचा, परिणाम प्राण्यांवर दाखवला. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे त्याचे एक शुद्ध रूप, इस्ट्रोन, वेगळे केले. १९४२ मध्ये गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनवलेली ‘प्रेमारिन’ ही गोळी अमेरिकेत विक्रीला आली. ती होती पाळी जातानाच्या त्रासावर. स्मरणशक्तीसाठी ती नव्हती.

स्मृतीची कहाणी वेगळ्या वाटेने चालली होती. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णाच्या मेंदूतल्या गाठी आणि साचलेले थर जर्मनीतल्या सभेपुढे मांडले. अल्झायमरच्या आजाराची पहिली नोंद झाली ती एका बाईची, आणि आजार जडला तेव्हा तिने जेमतेम पन्नाशी गाठली होती.

दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने जवळ आल्या त्या १९९० मध्ये. कॅथरीन वूली, ब्रूस मॅक्युएन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, चेतापेशींवरचे काटे मोजले. या काट्यांवरच पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. ऋतुचक्रात इस्ट्रोजेन वरखाली होताना, अवघ्या चोवीस तासांत त्यांची दाटी सुमारे ३० टक्क्यांनी बदलत होती. इस्ट्रोजेन पेशींना साखरेपासून ऊर्जा मिळवायला मदत करते आणि स्मृतीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीनच्या व्यवस्थेलाही आधार देते, असेही प्रयोगांतून दिसत गेले. हा आधार निसटला की मेंदू उघडा पडत असेल, हा तर्क त्यातूनच आला.

१९९६ मध्ये मॅनहॅटनमधल्या १,१२४ वृद्ध स्त्रियांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. इस्ट्रोजेन घेतलेल्यांपैकी ५.८ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी १६.३ टक्के स्त्रियांना अल्झायमर झाला होता. आशा एकदम उंचावली. पण गोळी घेणाऱ्या बायका एरवीही बहुधा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या असतात. हिशेबात शिक्षण धरले तरी आयुष्यातले सगळे फरक त्यात मावत नाहीत.

खऱ्या परीक्षेचा निकाल २००३ मध्ये आला. पासष्टी ओलांडलेल्या ४,५३२ स्त्रियांपैकी चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काहींना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन आणि बाकीच्यांना बिनऔषधी गोळी दिली होती. स्मृतिभ्रंश झाला औषधाच्या गटातल्या ४० जणींना, दुसऱ्या गटातल्या २१ जणींना. वाचवणारी मानलेली गोळी त्या वयात धोका वाढवत होती.

मग उंदरांतले ते काटे खोटे होते का? नाही. प्रश्न वेळेचा असावा. २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोका यांनी दाखवले, की पाळी जाण्याआधी अंडाशये काढलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त होता आणि जितक्या कमी वयात शस्त्रक्रिया, तितका अधिक. पण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलेल्यांत ही वाढ दिसली नाही.

हा निष्कर्ष आपल्या दारापर्यंत येतो. बीडमध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशये गेली, तर शरीरातले इस्ट्रोजेन एकाएकी आटते. ती राहिली तरी लवकर थकू शकतात. या बायकांच्या मेंदूचे पुढे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे. परदेशातली पाहणी ती पार पाडणार नाही.

भारतात साठीपुढच्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ९ टक्के, तर पुरुषांत ५.८ टक्के असल्याचा अंदाज अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीतून निघाला. यातला सगळा फरक हॉर्मोनचा नाही. कमी शिक्षण हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे मान्य कारण आहे. इथे बडोद्याला अभिमानाने सांगण्यासारखे काही आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलींसाठीही. स्मृती राखण्याचा तो हेतू नव्हता, पण तसा लाभ देणारे ते काम होते.

म्हणून विसर पडेल या भीतीने साठीनंतर हॉर्मोनची गोळी सुरू करू नये. चाळिशीआतच पाळी गेली किंवा अंडाशये काढावी लागली, तर मात्र स्वाभाविक वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे. आणि पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: दुसरा उपाय आहे का, आणि निरोगी अंडाशये ठेवता येतील का? हे विचारण्याचा हक्क फडातल्या बाईलाही तितकाच आहे.