पडद्याचा काळा रंग



सोलापूरच्या भवानी पेठेतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. पुढच्या खोलीत माग, आतल्या खोलीत संगणक. चादरीवरचा मोर पूर्वी चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने काढीत. आता तो पडद्यावर काढतात. दिवसभर वडील तिथे नक्षी आणि हिशेब करतात, आणि रात्री जेवणं झाली की त्याच खुर्चीवर मुलगा बसतो नि मोटारींची शर्यत सुरू होते. समजा, आता जुना पडदा बदलायचा आहे. मुलगा म्हणतो, ओएलईडीच घेऊ. वडील किंमत ऐकून गप्प बसतात. घरात पैसा एकदाच निघणार, तेव्हा दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवायला थोडे मागे जावे लागेल.

१८९७ साली कार्ल फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत विजेच्या कणांचा झोत सोडला. नळीच्या टोकाला लावलेल्या लेपावर तो जिथे आदळे तिथे लेप स्वतः उजळे. आपल्या घरातले जुने, पाठीमागे कुबड असलेले दूरदर्शन संच याच नळीचे वंशज. गंमत अशी, की पडद्यावरचा खेळही याच नळीवर जन्मला. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका छोट्या नळीवर टेनिसचा चेंडू उडवून दाखवला. चेंडू म्हणजे एक प्रकाशाचा ठिपका, दुसरे काही नाही.

पण या नळीला एक खोड होती. एकच चित्र तासन्‌तास ठेवले, की लेप तेवढ्याच जागी झिजे आणि पडदा बंद केल्यावरही त्या अक्षरांची पुसट छाया दिसे. काम थांबले की पडद्यावर हलती चित्रे आणण्याची युक्ती निघाली ती यासाठीच.

पुढे आला द्रवस्फटिकाचा पडदा, म्हणजे एलसीडी. १८८८ साली फ्रीड्रिख रायनिट्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या एका द्रव्यावर काम करीत होते, तेव्हा त्यांना हा विचित्र पदार्थ भेटला. पातळही आणि स्फटिकासारखाही. त्याचा पडदा करता येतो हे अमेरिकेत जगापुढे आले १९६८ साली. या शास्त्रात आपलेही एक मोठे नाव आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर, नागपूर विद्यापीठाचे एम. एस्‌सी. त्यांनी १९७७ साली बंगळूरला थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. असो.

एलसीडीत ठिपका स्वतः उजळत नाही. मागे दिवा सतत जळतो आणि पुढे लाखो बारीक झडपा उघडमीट करतात. म्हणून झीज एका जागी होत नाही. परंतु झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड झिरपतोच. रात्रीचे आकाश काळे न दिसता राखाडी दिसते. शिवाय झडप मिटायला क्षणभर लागतो, आणि धावत्या मोटारीमागे पुसट शेपूट राहते.

१९८७ साली कोडॅक कंपनीतले चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कार्बनी संयुगांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवून थोड्याशा दाबाच्या विजेवर ते उजळवून दाखवले. ओएलईडीतला 'ओ' तो हाच. त्याला सेंद्रिय म्हणतात, पण शेणखताशी त्याचा संबंध नाही बरं का! २००७ साली सोनीने या जातीचा ११ इंची दूरचित्रवाणी संच विकायला काढला, आणि पुढे खेळासाठीचे संगणकाचे पडदे बाजारात दिसू लागले.

इथे प्रत्येक ठिपका आपला दिवा आपणच. २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा पडदा घेतला तर छत्तीस लाखांवर दिवे झाले. काळे हवे तिथे दिवा विझतो, म्हणून काळे ते खरेच काळे. ठिपका बदलायला वेळ जवळजवळ लागतच नाही. मुलगा भुलला तो याला, आणि त्यात चूक नाही.

मात्र जो स्वतः जळतो तो झिजतोही. नळीची जुनी खोड इथे परत आली. दुकानाच्या दर्शनी भागात घडी करून टांगलेली चादर पाहा. ऊन लागते तेवढाच पट्टा विटतो, आतली घडी तशीच राहते. ओएलईडीचे तसेच. त्यातही निळा रंग आधी थकतो. शर्यतीत चित्र पळते, तिथे भीती थोडी. पण वडिलांच्या कामात उजवीकडची हत्यारांची पट्टी आणि हिशेबाच्या रेघा आठ-आठ तास जागच्या हलत नाहीत. आणखी एक. काही ओएलईडी पडद्यांत रंगीत कणांची मांडणी वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडेला रंगाची झालर दिसते. मात्रा-अनुस्वार वाचणाऱ्या शिक्षकांनी घेण्यापूर्वी मराठी मजकूर उघडून पाहावा.

तेव्हा माझे मत विचाराल, तर दिवसाचे काम आणि रात्रीचा खेळ एकाच पडद्यावर असेल, तर या घराने चांगला एलसीडीच घ्यावा. उरलेल्या पैशांत सूत येईल. कामाला जुना पडदा ठेवून खेळाला वेगळा घेता येत असेल, तर ओएलईडी खुशाल घ्या, पण डाग पडल्यास हमी लागू आहे का, ते लेखी पाहून. तळाची पट्टी लपवा, पाश्वर्भूमी काळी ठेवा. आणि खेळ संपला की भिंतीवरचे बटण लगेच बंद करू नका. हे पडदे निजल्यावर आपल्या ठिपक्यांची झीज आपणच सावरून घेतात, आणि त्या मिनिटांत त्यांना वीज लागते.