एका अनुमानाची परीक्षा

पन्नाशीपर्यंत स्त्रीला हृद्रोगाचे भय पुरुषापेक्षा कमी असते आणि रजोनिवृत्तीनंतर ते वाढत जाते, हे वैद्यांच्या ध्यानात फार पूर्वीच आले होते. तेव्हा हे संरक्षण बीजकोशातून स्रवणारे ईस्ट्रोजेन हे संप्रेरकच देत असले पाहिजे, आणि ते बाहेरून पुरविल्यास उतारवयातही हृदय सांभाळले जाईल, असे अनुमान निघाले. अनुमान तर्काला धरून होते. परंतु त्याची खरी परीक्षा होईपर्यंत अर्धे शतक लोटले.

या संप्रेरकाचे अस्तित्व १९२३ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी दाखवून दिले. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले ‘प्रेमारिन’ हे औषध १९४२ मध्ये तेथील बाजारात आले. अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, घाम, निद्रानाश यांनी त्रासलेल्या स्त्रियांना त्याने आराम पडला, यात संशय नाही. पुढे १९६६ साली डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्ती म्हणजे औषधाने टाळता येणारी व्याधीच होय, असे प्रतिपादन केले. १९७५ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी या औषधाचा संबंध उघड झाला. त्यावर प्रोजेस्टिनची जोड हा उपाय निघाला आणि औषधाचा प्रसार पुन्हा वाढला.

हृदयाचे काय? १९८५ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अहवाल आले. परिचारिकांच्या पाहणीत औषध घेणाऱ्यांना हृद्रोग कमी आढळला, तर फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत अधिक. खरी अडचण निराळीच होती. औषध घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुशिक्षित, सुस्थितीतील व प्रकृतीस जपणाऱ्या असत. मग गोळीमुळे आरोग्य लाभले, की निरोगी स्त्रियाच गोळीकडे वळल्या? नुसत्या निरीक्षणाने याचा निवाडा होणे कठीण होते.

तो निवाडा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केलेल्या वाटणीने झाला. काहींना औषध व काहींना तशीच दिसणारी, पण औषधी गुण नसलेली गोळी देण्यात आली. १९९८ मध्ये, आधीच हृद्रोग असलेल्या २,७६३ स्त्रियांवरील प्रयोगात एकंदरीत लाभ दिसला नाही. पहिल्या वर्षी तर अपायच अधिक झाला. त्याहून मोठा प्रयोग १६,६०८ स्त्रियांवर चालू होता. तो जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृद्रोगाचे ७, पक्षाघाताचे ८ आणि स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले. खुब्याचे अस्थिभंग मात्र ५ ने घटले. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ ईस्ट्रोजेन देण्याचा प्रयोगही २००४ मध्ये थांबला. त्यातही हृदयाला लाभ झाला नाही. पक्षाघात मात्र वाढला.

तथापि २००२ च्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. औषध लवकर सुरू केले तर? ६४३ स्त्रियांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रजोनिवृत्तीला सहा वर्षे होण्यापूर्वी औषध घेऊ लागलेल्यांत मानेतील रोहिणीची भित्ती सावकाश जाड होत गेली. दहा वर्षे उलटून गेलेल्यांत तो फरक दिसला नाही. मात्र ही भित्तीची मोजणी होती, हृदयविकाराच्या झटक्यांची नव्हे.

म्हणून आज रजोनिवृत्तीचा त्रास असह्य झाल्यास, साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत, प्रकृती पाहून हे औषध दिले जाते. केवळ हृदयाच्या रक्षणासाठी ते घेण्याचा सल्ला दिला जात नाही. लाखो स्त्रियांनी एका अनुमानावर विसंबून वर्षानुवर्षे औषध घेतल्यानंतर हाती आलेला हा विवेक आहे.